लक्ष्य आधी, लक्षण नंतर : छापील संगीतपोथीची एक परीक्षा

  आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका जुन्या स्नेह्यांनी फोन करून विचारलं, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे. पाचशे वर्षांपूर्वीच्या लॅटिन संगीतपोथ्यांशी तुमचा काय संबंध? आणि विरारकरांचा तर त्याहून काय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचं तर सुरुवात आमच्या घरातूनच करावी लागेल.

आमची नात गाणं शिकते. तिच्या परीक्षेच्या लेखी पेपरात राग ललितचा थाट विचारला होता. तिनं लिहिलं, 'पूर्वी'. का लिहिलं? तर तिचे गुरुजी ललितमध्ये कोमल धैवत लावतात आणि तिनं चार वर्षं तोच गायला आहे. गुण मिळाला नाही. परीक्षकांच्या हातातल्या पुस्तकात 'मारवा' होतं. पोरगी रडली नाही, पण तिनं आम्हाला विचारलं, "आजोबा, मग गुरुजी चुकीचं गातात का?"

गुणाचं आम्हाला काही नाही, मंडळी. पण हा प्रश्न फार जुना आहे. गळा एक सांगतो आणि पुस्तक दुसरं सांगतं, तेव्हा प्रमाण कोणाला मानायचं? आज आपण हा प्रश्न दोन प्रकारच्या पुस्तकांना विचारणार आहोत. एक, युरोपात छपाई नुकती सुरू झाली तेव्हाची चर्चगायनाची लॅटिन पाठ्यपुस्तकं. दोन, आपल्या मुंबईत १९१० साली आलेलं पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचं संस्कृत पुस्तक, 'श्रीमल्लक्ष्यसंगीतम्'. दोन्हींमध्ये चारशे वर्षांचं अंतर आहे, पण दोन्ही एकाच आजाराची आहेत आणि एकाच औषधाचीही.

आधी परीक्षेचं साधन सांगतो. न्यायशास्त्रात ज्याची व्याख्या करायची ते 'लक्ष्य' आणि त्याची ओळख सांगणारा धर्म ते 'लक्षण'. लक्षण तीन प्रकारे बिघडतं. गाय म्हणजे तांबडी, असं म्हटलं तर पांढरी गाय सुटली. ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगं असलेली, असं म्हटलं तर म्हैसही आत आली. ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एकाच खुराची, असं म्हटलं तर एकही गाय सापडणार नाही. हा असंभव. आम्ही पस्तीस वर्षं वर्गात हे शिकवलं आणि पोरांनी पस्तीस वर्षं ते घोकून उत्तरपत्रिकेत लिहिलं. ते गाण्याला लावून बघायचं मात्र आम्हाला निवृत्तीनंतर सुचलं.

आता लॅटिन पोथ्यांकडे वळू. चर्चमधलं जुनं गायन, ज्याला ग्रेगोरियन गायन म्हणतात, ते सगळ्यांनी मिळून एकाच चालीत, वाद्याच्या साथीशिवाय आणि तालाच्या आवर्तनाशिवाय गायचं असतं. शतकानुशतकं ते कानानंच शिकलं जाई. पोराला सगळ्या चाली पाठ व्हायला वर्षानुवर्षं लागत. अकराव्या शतकात इटलीतल्या अरेझ्झो गावी ग्विदो नावाच्या साधूनं यावर युक्ती काढली. संत योहानाच्या एका स्तोत्राची चाल अशी होती की प्रत्येक ओळीचा पहिला स्वर आधीच्या ओळीपेक्षा एक पायरी वर. त्या ओळींची पहिली अक्षरं त्यानं स्वरांची नावं म्हणून घेतली : उत, रे, मी, फा, सोल, ला. स्वर सहाच, आणि त्यांत मी आणि फा यांच्यामध्येच तेवढं अर्धं अंतर. ते एक अंतर कानात पक्कं झालं की पोरगं न ऐकलेली चालही कागदावरून गाऊ शके. पुढच्या काळात डाव्या हाताच्या बोटांच्या पेरांवर हे स्वर बसवले गेले. सगळ्यात खालचा स्वर अंगठ्याच्या टोकावर, मग तळव्यावरून वळसे घेत एकोणीस स्वर, आणि विसावा मधल्या बोटाच्या वर, हवेत. याला ग्विदोचा हात म्हणतात. आपल्याकडे पेरांवर जप मोजतात, तसंच समजा.

छपाई आली तेव्हा हा हात लाकडी ठशानं कागदावर उमटला. १४८८ साली स्ट्रासबुर्गला 'फ्लोरेस म्युझिके' हे पुस्तक छापलं गेलं. मजकूर मूळचा दीडशे वर्षं आधीचा, रॉयटलिंगेन गावच्या ह्यूगो नावाच्या पाद्र्याचा. सहाशेहून अधिक लॅटिन ओळी, सगळ्या छंदात बांधलेल्या. कारण उघड आहे : पाठांतर. आपल्याकडे अमरकोश ज्यासाठी छंदात आहे, त्याचसाठी. १४९६ साली बाझेलला काइन्स्पेकचं 'लिलियम म्युझिके प्लाने' आलं, १५०१ साली कोलोनला वोलिकचं 'ओपुस आउरेउम', १५१७ साली लाइप्झिगला ऑर्निथोपार्कुसचा 'मायक्रोलोगस'. लहान, स्वस्त, शाळकरी पुस्तकं. आत काय, तर हात, स्वरांची नावं, अंतरं आणि आठ मोड. बहुतेकांचा क्रमही हाच. आजच्या भाषेत सांगायचं तर, गाईडं.

मोड म्हणजे काय ते जरा सावकाश बघू, कारण सगळं तिथंच अडतं. मोड म्हणजे चालीचा प्रकार. तो ओळखायचा तीन खुणांनी : चाल कोणत्या स्वरावर संपते, कुठपासून कुठपर्यंत फिरते आणि कोणत्या स्वरावर जास्त रेंगाळते. आपल्या शास्त्रातले शब्द वापरायचे तर न्यास, विस्तार आणि वादी. आता पहिला मोड आणि आठवा मोड शेजारी ठेवा. दोघांचा वावर त्याच एका सप्तकात, रे पासून वरच्या रे पर्यंत. स्वर तेच. पण पहिला रे वर संपतो आणि ला वर रेंगाळतो, तर आठवा सोल वर संपतो आणि वरच्या उत वर रेंगाळतो. गाताना रंग पार वेगळा. मृतांसाठी गायचं 'दिएस इरे' पहिल्या मोडमधलं आणि पवित्र आत्म्याला बोलावणारं 'वेनी क्रेआतोर' आठव्यातलं. ज्यानं दोन्ही ऐकलीत त्याला फरक सांगावा लागत नाही.

आपल्याकडचं जोडपं आठवलं का? भूपाळी आणि देशकार. दोघांत सा, रे, ग, प, ध. दोघांत मध्यम नाही, निषाद नाही. भूपाळी रात्री आणि गंधारावर, देशकार सकाळी आणि धैवतावर. नुसते स्वर मोजून राग सांगणाऱ्याला हे दोन वेगळे करता येणार नाहीत. म्हणजे स्वरांची यादी हेच लक्षण मानलं तर अतिव्याप्ती. लॅटिन पोथ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तीन खुणा धरल्या. इथं त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत.

मग त्या अडल्या कुठं? अव्याप्तीपाशी. आठ मोडांची कल्पना पूर्वेकडून, बायझंटाइन चर्चकडून, आठव्या-नवव्या शतकात पश्चिमेत आली. गाणी तिच्या आधीची. गाणी आधी आणि आठ कप्प्यांचं कपाट नंतर. बहुतेक चाली बसल्या, काही बसल्या नाहीत. एक स्तोत्रचाल अशी निघाली की पहिल्या अर्ध्यात एका स्वरावर रेंगाळते आणि दुसऱ्या अर्ध्यात दुसऱ्याच. तिला नाव पडलं 'तोनुस पेरेग्रीनुस', म्हणजे परका, वाटसरू स्वर. पोथ्या आठ प्रकार शिकवतात आणि मग या वाटसरूला दाराबाहेरच्या ओट्यावर बसवतात. आम्हाला ते नाव फार आवडतं. निदान त्याला बाहेर हाकललं तरी नाही.

पण सगळ्यांच्या नशिबी ओटाही आला नाही. बाराव्या शतकात सिस्टर्शियन मठांनी आपलं गायन 'शुद्ध' करायला घेतलं. नियम असा की चालीनं दहा स्वरांपलीकडे फिरू नये आणि एका चालीत दोन मोड मिसळू नयेत. ज्या चाली नियम मोडत होत्या, त्या बदलल्या, काही छाटल्या. १६१४-१५ साली रोममध्ये छापलेल्या मेदिची आवृत्तीत त्या काळच्या विद्वानांनी आपल्या आवडीप्रमाणे पुन्हा कात्री चालवली. जुन्या हस्तलिखितांवरून मूळ चाली शोधून काढायला फ्रान्समधल्या सोलेमच्या साधूंना एकोणिसावं शतक उजाडावं लागलं आणि अधिकृत आवृत्ती १९०८ साली आली. मंडळी, लक्षण लक्ष्यावर स्वार झालं की काय होतं, ते इथं दिसतं. तांबडी नसलेली गाय 'गाय नाही' म्हणून थांबले नाहीत, तिला तांबडा रंग लावून मोकळे झाले.

या पोथ्यांच्या जगात भांडणंही होती, आणि ती आपल्या ओळखीची आहेत. १४८२ साली बोलोन्यात रामोस दे पारेखा या स्पॅनिश पंडितानं पुस्तक काढलं आणि म्हणाला, ग्विदोची सहा अक्षरं पुरत नाहीत, सप्तकाला आठ घ्या. त्यासाठी त्यानं एक आठ अक्षरी लॅटिन वाक्यही तयार केलं. पाच वर्षांत, १४८७ साली, त्याच बोलोन्यात बुर्तियुसनं उलट पुस्तक छापलं आणि 'सत्याशी बेइमानी करणारा कोणी एक स्पॅनिश' असा उद्धार थेट शीर्षकातच केला. १४९१ साली रामोसचा शिष्य स्पातारो गुरूच्या बाजूनं उतरला. आणि १५४७ साली बाझेलला ग्लारेआनुसनं आठाचे बारा मोड केले. त्यानं भर घातलेल्या आयोनियन आणि एओलियनचे स्वर म्हणजे आपले बिलावल आणि आसावरी थाट. लोक ते कधीचेच गात होते. पुस्तकाला ते दिसायला १५४७ साल यावं लागलं.

आता मुंबईला येऊ. भातखंडे १८६० साली वाळकेश्वरला जन्मले. वकिलीची पदवी घेतली, पण जीव गाण्यात. गायनोत्तेजक मंडळीत ते धृपद आणि ख्याल शिकले आणि मग देशभर फिरून ग्रंथ आणि उस्ताद धुंडाळले. त्यांच्यासमोरचा पेच बघा. १८९६-९७ साली पुण्याच्या आनंदाश्रमानं शार्ङ्गदेवाचा 'संगीतरत्नाकर' छापला. शार्ङ्गदेव तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांच्या दरबारातला, म्हणजे आपल्याच मातीतला. ग्रंथ अफाट. पण त्यातले राग १९०० साली कोणी गात नव्हतं. नावं ओळखीची, रूपं हरवलेली. भातखंड्यांनी स्वच्छ सांगितलं की जुन्या ग्रंथांवरून आजचं गाणं समजणार नाही. न्यायाच्या भाषेत हा असंभव : लक्षण आहे, पण त्याला लक्ष्यच उरलेलं नाही. युरोपातही हेच झालं होतं. डोरियन, फ्रिजियन ही प्राचीन ग्रीकांची नावं मध्ययुगीन पंडितांनी चर्चच्या मोडांना लावली, आणि लावली तीही मूळच्यापेक्षा निराळ्याच स्वरावळींना.

म्हणून भातखंड्यांनी पुस्तकाचं नाव काय ठेवलं, इकडे लक्ष द्या : लक्ष्यसंगीत. लक्षणसंगीत नव्हे. आज जे गायलं जातं ते आधी, व्याख्या नंतर. या एका नावासाठी आम्ही त्यांना साष्टांग नमस्कार करतो.

पण नमस्कार करून उठल्यावर टीकाही केली पाहिजे. नाहीतर त्यांनीच रागवावं.

पहिली टीका भाषेवर. आज गायलं जातं ते सांगायचं, तर संस्कृत श्लोकांत कशाला? आणि स्वतःचं नाव न घालता 'चतुर पंडित' या नावानं कशाला? त्याच काळात त्यांनी 'हिंदुस्तानी संगीत पद्धती' मराठीत लिहायला घेतली. गुरू-शिष्यांच्या गप्पांच्या रूपात, चार भाग, वाचायला अतिशय रसाळ. आणि तिथं आधार कोणाचा, तर चतुर पंडिताच्या श्लोकांचा! आपणच श्लोक लिहायचे आणि आपणच त्यांवर टीका लिहायची. यात खोटेपणा नव्हता. आपल्याकडे शास्त्र म्हटलं की लोक संस्कृत मागतात, हे त्यांनी ओळखलं होतं, जसं १४८८ साली शास्त्र म्हटलं की लॅटिन लागे. पण किंमत मोजावी लागली. जयपूरच्या, रामपूरच्या उस्तादांच्या गळ्यातून जे आलं होतं, ते श्लोकात शिरलं की त्यावर प्राचीनतेचा शिक्का बसला. उद्या बदलू शकेल असं एका अभ्यासकाचं मत जणू ऋषिवचन झालं. मराठी भागांत शिष्य शंका काढतो, गुरू 'याबद्दल मतभेद आहेत' असं वारंवार म्हणतो. श्लोकाला असं चाचरता येत नाही.

दुसरी टीका दहा थाटांवर. दक्षिणेत व्यंकटमखींनी सतराव्या शतकात बहात्तर मेळ मांडले. भातखंड्यांनी उत्तरेसाठी दहा पुरेत असं ठरवलं : बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी, तोडी. शिकवायला उत्तम सोय. पण पटदीप घ्या. गंधार तेवढा कोमल, बाकी सगळे स्वर शुद्ध. दहांपैकी एकाही थाटात ही स्वरावळी नाही, तरी पाठ्यपुस्तक त्याला काफीत बसवतं. आणि आमच्या नातीचा ललित? त्यात दोन मध्यम आहेत, दोन्ही ठसठशीत. दहांपैकी एकाही थाटात दोन मध्यम नाहीत. म्हणजे धैवत शुद्ध घ्या की कोमल, मारवा म्हणा की पूर्वी, ललित मुळात कपाटात मावतच नाही. तो आपला वाटसरू आहे. ज्या उत्तराला गुण मिळाला ते आणि ज्याला मिळाला नाही ते, दोन्ही तितकीच अपुरी होती.

इथं भातखंड्यांच्या बाजूनं बोललं पाहिजे. त्यांनी राग फक्त थाटावर सोडला नाही. वादी, संवादी, आरोह-अवरोह, पकड, वेळ, सगळं दिलं, आणि वर 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत शेकडो बंदिशी स्वरलिपीत छापल्या. ज्या घराण्यात बंदिश म्हणजे तिजोरीतला दागिना, ती आठ आण्यांच्या पुस्तकासारखी कोणाही पोराच्या हातात आली. हे ग्विदोचंच काम. परका, गरीब, घराण्याबाहेरचा पोरगा किंवा पोरगी गाणं शिकू शकली, ती या छपाईमुळे. आमची नातही त्यांतलीच. म्हणून 'पुस्तकं जाळा, गुरूच्या पायाशी बसा' असं म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. गुरू सगळ्यांना पायाशी बसू देत नव्हते, हे विसरू नका.

दोष कुठं शिरला, तर वापरात. भातखंड्यांनी जाळं विणलं ते मासे कुठं आहेत हे बघायला. परीक्षेनं ठरवलं की जाळ्यात येईल तोच मासा.

आता शेवटी आपल्या परिसराकडे येतो. इथून निघून विरार स्टेशन ओलांडून पश्चिमेला गेलं की आगाशी, नंदाखाल, निर्मळ. १५३४ ते १७३९ हा मुलूख पोर्तुगीजांकडे होता. चिमाजी अप्पांनी वसई घेतली, सत्ता गेली, पण चर्चमधली लॅटिन प्रार्थना राहिली, ती थेट १९६०च्या दशकापर्यंत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ साली लोकभाषेची वाट मोकळी केली आणि हळूहळू मिस्सा मराठीत आली. तिकडे गोव्यात चर्चशाळांच्या मेस्त्रींनी ग्विदोच्या अक्षरांचा वंश पिढ्यान्‌पिढ्या शिकवला आणि त्याच शाळांतून निघालेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद भरले. लॅटिन पोथीचा विरारकरांशी काय संबंध, या प्रश्नाचं हेही एक उत्तर. तुम्ही ऐकलेल्या जुन्या हिंदी गाण्यांतली व्हायोलिनं त्या हाताच्या पेरांवरूनच चालत आलेली आहेत.

आणि एक आठवण. शाळेत असताना आमचा एक मित्र नंदाखालच्या बाजूचा. त्याचे आजोबा शेतकरी, केळीची बाग. मृतांसाठीच्या मिस्सेत ते लॅटिन गायचे. आम्ही एकदा विचारलं, "आजोबा, याचा अर्थ काय?" ते म्हणाले, "अर्थ फादरना ठाऊक. मला चाल ठाऊक." त्यांना पहिला मोड की आठवा, हे कोणी विचारलं असतं तर ते हसले असते. पण कुठं रेंगाळायचं आणि कुठं येऊन थांबायचं, हे त्यांचं कधी चुकलं नाही. लॅटिन गेलं, ते आजोबाही गेले. त्यांचा आवाज कोणी ध्वनिमुद्रित केला नाही.

म्हणून आमचं मागणं लहान आहे. आपल्याकडे १९०२पासूनची ध्वनिमुद्रणं आहेत. सोलेमच्या साधूंसारखं हस्तलिखितांत डोकं घालून हरवलेली चाल शोधायची वेळ आपल्यावर आलेली नाही, अजून तरी. तेव्हा परीक्षेत 'ललितचा थाट कोणता' हे एका शब्दात विचारू नका. विचारा, 'तुमच्या गुरूंच्या ललितात धैवत कोणता? दुसरे कसा लावतात? गाऊन दाखवा.' पुस्तकात लक्षण असू द्या, पण ते पेन्सिलीनं लिहिलेलं आहे असं समजून वाचा. भातखंड्यांनी पुस्तकाला जे नाव दिलं, तेवढं जरी पाळलं तरी पुरे.

नातीला आम्ही काय उत्तर दिलं? तिला म्हटलं, "गुरुजी चुकीचं गात नाहीत. पुस्तकही खोटं बोलत नाही. पुस्तकानं एका वेळचं, काही गळ्यांतलं ऐकलं आणि लिहिलं. तू अजून गळे ऐक." ती म्हणाली, "पण आजोबा, पुढच्या परीक्षेत काय लिहू?"

याचं उत्तर आमच्याजवळ नाही, मंडळी. ते परीक्षा घेणाऱ्यांनी द्यायचं आहे. इथं थांबतो.